पेन कातायचे, पण बांधायचे कसे?

आपल्या घरात कातीव वस्तू किती आहेत, असे एकदम कुणी विचारले तर आपण गोंधळून जातो. पण जरा उठून स्वयंपाकघरात डोकवावे. पोळीचे लाटणे कातीव, ताकाची रवी कातीव, जुन्या पाळण्याचे दांडे कातीव आणि मुलांचा भोवरा तर कातीवच. लाकूड गरगर फिरवायचे आणि त्याला धारदार पटाशी लावायची, की ते गोल होत जाते. हे फिरवण्याचे यंत्र म्हणजे लेथ. पूर्वी ते खराद्याच्या हाती होते, आता कारखान्यांत आहे आणि अलीकडे हौसेखातर काही घरांच्या मागच्या पडवीतही आले आहे. आमच्या जळगावच्या घरी ते तसेच आले.

मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर शेजारणी भजनी मंडळात गेल्या आणि मी हातभर लांबीचा लेथ घेतला. "बाई, या वयात सुतारकी?" असे पहिले वर्षभर ऐकून घ्यावे लागले. पुढे एकेकीच्या घरी माझे लाटणे गेले आणि टीका आपोआप थांबली. लाटण्यांवरून मी पेनांवर आले, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

कारण लाटणे किंचित वाकडे निघाले तरी पोळी होते. पेनाला तेवढी माफी नाही. लाकडी बॉलपेनाची रचना वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. बोटाएवढ्या जाडीच्या चौकोनी तुकड्याला आरपार भोक पाडतात. त्यात ७ मिलिमीटर जाडीची पितळी नळी डिंकाने पक्की बसवतात. मग बाहेरचे लाकूड कातत कातत टोकापाशी सुमारे साडेआठ मिलिमीटरपर्यंत आणतात. म्हणजे नळीच्या भोवती लाकूड उरते ते फक्त पाऊण मिलिमीटर! पोस्टकार्डे तीन-चार एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाडी. आता फिरण्याचा अक्ष केवळ पाव मिलिमीटर सरकला तर काय होईल? एका बाजूला लाकूड एक मिलिमीटर राहील आणि समोरच्या बाजूला अर्धाच. पेन जोडल्यावर त्याच्या धातूच्या टोपीपाशी नख फिरवले की एकीकडे पायरी लागते आणि दुसरीकडे लागत नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण नख फसत नाही.

तेव्हा पेनाच्या बाबतीत 'कातायचे कसे' हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न आहे तो 'बांधायचे कसे' हा. आपल्याकडचे टर्नर लोक जॉब 'लावणे' म्हणत नाहीत, जॉब 'बांधणे' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. पितळी नळीतून एक बारीक पोलादी सळई ओवतात, तिला मँड्रेल म्हणायचे. नळीच्या दोन्ही टोकांना मापाच्या पोलादी कड्या, म्हणजे बुश, घालतात. जात्याच्या मधोमध खुंटा असतो ना, तसेच हे. खुंटा ढिला किंवा तिरका असला की पीठ एकीकडे जाडेभरडे पडते. मँड्रेल तिरके असले की पेन एकीकडे जाड होते. ही सळई लेथमध्ये बांधण्याच्या तऱ्हा चार-पाच आहेत, आणि त्यांतून निवड करावी लागते.

आता एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण होते, आणि ते कारण धुळ्याचे होते.

धुळे हे लिहिणाऱ्यांचे गाव. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तिथेच वारले आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रे सांभाळणारे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तिथे उभे राहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी तिथल्या तिथे लिहून घेतली म्हणून महाराष्ट्राला वाचायला मिळाली. अशा गावात आमचे वडील कोर्टात नक्कलनवीस होते. दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून देण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या पश्चात त्यांच्याच मुलांत वाड्यावरून भांडण व्हावे, हा दैवाचा खेळ म्हणायचा. वाडा अखेर विकला गेला. नाना आणि अप्पा या माझ्या दोन भावांचे बोलणे तेव्हापासून बंद झाले. कपाटे, भांडी, झोपाळा, सगळ्याची वाटणी झाली. एका वस्तूवर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही. ती म्हणजे दिंडीदरवाजाचा अडसर.

अडसर अंजनाच्या लाकडाचा. ज्यांनी खानदेशातले उन्हाळे काढले आहेत, त्यांना सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन ठाऊक असेल. जोड-पानांचा, रुक्ष माळावर उभा राहणारा. त्याच्या आतले लाकूड तांबूस-काळसर आणि इतके जड की पाण्यात टाकले तर तळाला जाते. हिंदुस्थानातल्या सर्वांत कठीण लाकडांत त्याची गणना होते. पण या अडसराला उभी चीर गेली होती, आणि खिळे तर जागोजागी. धडधाकट भाग जेमतेम वीतभर होता. करवतीने तो कापला तेव्हा बरोबर दहा तुकडे हाती आले. अकरावा आला असता, पण त्यात गंजलेल्या खिळ्याचे टोक निघाले.

एका पेनाला वरचा एक आणि खालचा एक असे दोन तुकडे लागतात. आम्ही भावंडे पाच. तीन भाऊ, धाकटी बहीण आणि मी. दहा तुकडे, पाच पेने. शिल्लक शून्य. एक तुकडा बिघडला की कुणा एकाला पेन नाही, आणि आमच्या घरात वाटणीत कमीजास्त होण्याचा परिणाम आम्ही एकदा पाहिलेला होता. म्हणून अंजनाला हात लावण्यापूर्वी मी बाभळीच्या आणि लिंबाच्या तुकड्यांवर सगळ्या बांधण्या करून पाहायचे ठरवले.

पहिली बांधणी सर्वांत सोपी दिसणारी. मँड्रेलचे एक टोकच निमुळते केलेले असते. लेथच्या डोक्यात, म्हणजे हेडस्टॉकमध्ये, तसेच निमुळते भोक असते. एकात एक घट्ट बसते. या निमुळतेपणाला मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेत स्टीफन मोर्स नावाच्या कारागिराने पीळदार ड्रिलचे पेटंट १८६३ साली घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा कारखाना निघाला. हा टेपर त्याच्याच नावाने जगभर चालतो. वीस भाग लांबीला सुमारे एक भाग निमुळता, एवढाच त्याचा उतार. पण तेवढ्यानेच पोलादाला पोलाद असे धरते की मागून ठोकल्याशिवाय सुटत नाही. यात गुण असा की मध्ये स्क्रू नाही, जबडा नाही, काही नाही. अवगुण असा की भोकात लाकडाचा बारीकसा कण जरी राहिला तरी सळई तिरकी बसते. शिवाय सळईची लांबी ठरलेली. एकच आखूड तुकडा कातायचा असला तरी दोन तुकड्यांची लांब सळई बाहेर राहते आणि उरलेली जागा कड्यांनी भरावी लागते.

दुसरी बांधणी चकमधली. तीन किंवा चार जबडे सळईला पकडतात. कुठलाही लेथ असो, चक बहुधा असतोच, म्हणून ही बांधणी लोकप्रिय आहे. पण तीन जबड्यांच्या चकात मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे होणे ही नित्याची गोष्ट. काही जण ड्रिलचा चक हेडस्टॉकमध्ये बसवून त्यात सळई धरतात. ड्रिलच्या चकाचा जन्म सरळ रेषेत दाब सोसण्यासाठी आहे. त्याला बाजूने धक्के बसू लागले की त्याचा टेपर सैल होऊ शकतो. तसे करायचेच असेल तर मागून लांब बोल्टने, म्हणजे ड्रॉबारने, तो ओढून धरला पाहिजे.

तिसरी बांधणी कोलेटची. कोलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी. ती आवळली की सळईला सर्व बाजूंनी सारखी कवटाळते. जबडा तीन ठिकाणी धरतो, कोलेट सगळीकडून धरतो. आणि मुख्य सोय ही की सळई हवी तेवढीच बाहेर ठेवता येते.

या सोयीची किंमत किती मोठी, ते शाळेतल्या गणिताने कळते. दोन टोकांना टेकलेल्या काठीला मध्ये दाबले, तर ती किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर ठरते. लांबी निम्मी केली तर वाक निम्मा होत नाही, आठव्या भागावर येतो! जाडीचे गणित तर याहून नवलाचे. तिथे चौथा घात लागतो. मँड्रेलच्या सळया बाजारात मुख्यतः दोन जाडींच्या मिळतात, सुमारे ६.३ आणि ७.५ मिलिमीटर. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, पण जाड सळई बारकीपेक्षा दुप्पट ताठ असते. आमच्या ७ मिलिमीटरच्या नळीत जाडी सळई जाणार नव्हती. तेव्हा हाती राहिली ती लांबी. एका वेळी दोन तुकडे न चढवता एकच चढवायचा, हा निर्णय इथेच पक्का झाला.

सळईचे दुसरे टोक लेथच्या शेपटीकडे, म्हणजे टेलस्टॉककडे असते. तिथे फिरते टोकदार सेंटर सळईच्या मागच्या खळग्यात टेकते. हे टेकवताना पुष्कळांचा हात जड होतो. वेताची छडी जमिनीवर टेकवून वरून दाबली तर ती मध्ये फुगते. सळईचेही तसेच होते. नटाचाही हाच प्रकार. तुकड्याची टोके अगदी काटकोनात नसली आणि नट करकचून आवळला, की सळई तिरक्या टोकाच्या बाजूला ओढली जाते. यावर एक युक्ती निघाली आहे. पोकळ सेंटर. सळई त्याच्या पोटात शिरते आणि दाब सळईवर न येता थेट बुशावर येतो. नट नको, सळईला दडपण नको.

एवढे सगळे जमवूनही माझे पहिले बाभळीचे पेन एकीकडे जाड निघाले. लेथ नवा, कोलेट नवा, सळई नवी. दोष कुणाचा? जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एक मिस्त्री आहेत. मूळचे धुळ्याकडचे, बोली अस्सल अहिराणी. सरकी काढणाऱ्या जिनांचे रूळ कातण्यात त्यांचे आयुष्य गेले. खानदेशात लेथ आला तो कापसाच्या आणि रेल्वेच्या पाठीवर बसून. जळगावला आणि अमळनेरला कापडगिरण्या निघाल्या, गावोगाव जिन उभे राहिले, भुसावळला इंजिनांचे मोठे ठाणे झाले, आणि या सगळ्यांची झिजलेली हाडे बदलायला टर्नर लागले. मिस्त्री त्याच परंपरेतले. माझे पेन त्यांनी हातातही घेतले नाही. म्हणाले, "ताई, आधी सयी दखा, मंग लाकूडले हात लावा."

मग त्यांनी डायल गेज आणले. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारे ते घड्याळ. त्याचा काटा आधी हेडस्टॉकच्या भोकाला आतून लावला आणि लेथ हाताने हळूच फिरवला. काटा हलला न हलला. म्हणजे लेथ निर्दोष. मग सळईला कोलेटच्या अगदी तोंडाशी लावला. तिथेही ठीक. मग सळईच्या मध्यावर लावला, आणि काटा चाळीस खुणा सरकला. चाळीस खुणा सरकला म्हणजे अक्ष वीस खुणा, एकपंचमांश मिलिमीटर, बाजूला. शेवटी त्यांनी सळई सोडून अर्धा फेरा फिरवली आणि पुन्हा बांधली. दोष सळईबरोबर फिरला. निकाल लागला. दुकानदाराने धाडलेली सळई मुळातच वाकडी होती. घरी आरशाच्या काचेवर ती गडगडवली तर खालून उजेडाची फट उघडमीट करताना दिसली. नवी सळई मागवली, तीही प्रथम काचेवरून गेली आणि मगच लेथवर चढली. ज्यांच्याजवळ डायल गेज नाही, त्यांनी ही काचेची परीक्षा विसरू नये.

सेंटर टेकवताना मी चाक फिरवू लागले तेव्हा मिस्त्रींनी माझ्या हातावर हात ठेवला. "इतला जोर कशाले?" त्यांचे माप सोपे होते. लेथ चालू असताना फिरते सेंटर दोन बोटांनी धरून थांबवू पाहावे. जेमतेम थांबत नसेल तर दाब पुरे.

चौथी बांधणी राहिली. तिच्यात मँड्रेलच नाही! बुशांनाच दोन्ही बाजूंनी साठ अंशांची खोलगट तोंडे केलेली असतात. एक टोकदार सेंटर हेडस्टॉकमध्ये, एक टेलस्टॉकमध्ये, आणि मधे बुशांसह तुकडा नुसता चिमटीत धरल्यासारखा. सळईच नाही, मग ती वाकणार कशी? मात्र दोन्ही सेंटरांची टोके समोरासमोर आणल्यावर सुईला सुई भिडावी तशी भिडली पाहिजेत. आणि तुकडा केवळ घर्षणावर फिरत असल्याने पटाशीचा घाव मोठा बसला की तो जागीच घसरतो.

गंमत अशी की ही सर्वांत नवी म्हणून सांगितली जाणारी बांधणी सर्वांत जुनी आहे. आपला खरादी दोन लोखंडी टोकांच्या मधेच लाकूड धरीत असे. त्याभोवती कमानीच्या दोरीचा वेढा घालून ते मागे-पुढे फिरवीत असे. चक, कोलेट, टेपर या साऱ्या मधल्या गोष्टी नंतर आल्या. सोय वाढली, पण लाकूड आणि अक्ष यांच्यामधली माणसेही वाढली म्हणा ना. सरकारी कचेरीत अर्ज जितक्या टेबलांवरून जातो तितका तो उशिरा पोचतो. इथेही जोड जितके जास्त तितकी चूक जास्त.

त्या सगळ्या प्रयोगांतून मला एवढेच कळले, आणि हौशी वाचकांनी हेच लक्षात ठेवावे. आपल्या लेथला जे बसेल त्यातली ती बांधणी घ्यावी, जिच्यात जोड कमी आहेत आणि जिथे दाब सळईवर येत नाही. टेपर असेल तर तो प्रत्येक वेळी फडक्याने पुसावा. कोलेट मिळत असेल तर चकाच्या मागे लागू नये. लांब सळईवर दोन तुकडे एकदम चढवून वेळ वाचवण्याचा लोभ धरू नये. आणि शेवटचा हात शक्य तर दोन सेंटरांमध्ये द्यावा.

अंजनासाठी मी दोन बांधण्यांची जोडी ठरवली. चौकोनाचा गोल करण्याचे दांडगे काम कोलेटमध्ये, आखूड सळईवर, पोकळ सेंटर लावून. शेवटचा मिलिमीटर दोन सेंटरांमध्ये, निराळ्या बुशांवर, हलक्या हाताने. डोळ्यांवर चश्मा, नाकावर फडके, आणि मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे. अंजन पटाशीची धार खात होता. दर तुकड्याला दोन-तीनदा धार लावावी लागली. दहा तुकड्यांना नऊ दिवस लागले. प्रत्येक तुकडा उतरवल्यावर मी त्याच्या तोंडाकडे पाहात असे. पितळेच्या चकाकत्या वर्तुळाभोवती लाकडाची बारीक तांबूस बांगडी. ती सगळीकडून सारखी रुंद दिसली की पुढचा तुकडा घ्यायचा. वर चपड्याचे पॉलिश, दुसरे काही नाही.

आपल्या देशात लेथवरच्या पेनाला मोठा मान मिळून गेला आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटचे स्वदेशी पेन तयार केले. ते कुमारप्पांच्या मार्फत गांधीजींकडे पोचले, आणि १९३५ साली त्यांनी रत्नम यांना पत्र लिहून ते पेन पसंत असल्याचे कळवले. आमच्या पेनांना कुणाचे पत्र येण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त पाच माणसांच्या पसंतीस उतरायचे होते.

गेल्या भाऊबीजेला मी तिघा भावांना आणि बहिणीला माझ्याकडे जेवायला बोलावले. नाना आले, अप्पाही आले. एक ओसरीवर बसले, एक आत. ओवाळणी झाल्यावर मी पाचही पेने ताटात ठेवली आणि म्हटले, "अडसराची वाटणी राहिली होती, ती आज करते. हवे ते घ्या, सगळी सारखी आहेत."

नानांचा स्वभाव मुळात संशयी. त्यांनी एक पेन उचलले, दुसरे उचलले, दोन्ही तळहातांवर तोलून पाहिले. मग टोपीपाशी अंगठ्याचे नख सगळीकडून फिरवले. वडील नक्कल तपासताना कागदाच्या कडेवरून बोट फिरवीत, अगदी तसे. कुठे पायरी लागली नाही. अप्पा आतून पाहात होते. ते बाहेर आले आणि ताटातले तिसरे पेन न घेता त्यांनी नानांच्या हातातले एक मागितले.

नानांनी ते दिले. वर म्हणाले, "लिहून बघ. दरवाजाचं लाकूड आहे, जड लागेल."

अप्पांनी पंचांगाच्या कोऱ्या पानावर वडिलांचे नाव लिहिले, आणि पेन परत न करता खिशाला लावले.